क्लिंगॉन शब्दांच्या व्युत्पत्ती आणि त्यांत दडलेल्या कोट्या

निरुक्तप्रेमी

'स्टार ट्रेक' या अमेरिकन विज्ञानकथा-मालिकेतील तिसऱ्या चित्रपटासाठी (१९८४) भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी क्लिंगॉन या परग्रहावरील योद्ध्यांची भाषा रचली आणि १९८५ मध्ये तिचा कोशही प्रसिद्ध झाला, हे येथील अनेकांना ठाऊक असेल. कॅलिफोर्नियातील मुत्सुन या मूलनिवासी भाषेच्या व्याकरणावर ओक्रँड यांनी बर्कली विद्यापीठात प्रबंध लिहिला होता. त्यामुळे क्लिंगॉनचे व्याकरण पक्क्या पायावर उभे आहे: वाक्यात आधी कर्म, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता येतो, आणि कर्ता व कर्म या दोघांची खूण क्रियापदाच्या आरंभी एकाच उपसर्गाने होते. जगातील फारच थोड्या भाषा असा क्रम वापरतात, आणि ओक्रँड यांनी तो मुद्दाम निवडला.

शब्दसंग्रहाची तऱ्हा मात्र वेगळी आहे. तेथे जागोजागी कोट्या पेरलेल्या आहेत. वेदना या अर्थाचा शब्द ’ओय’ असा आहे आणि तो यिडिश या युरोपीय ज्यूंच्या भाषेतील कळवळण्याच्या उद्गारावरून घेतला आहे, हे ऐकताक्षणीच कळते. मद्याला ख़िक़ म्हणतात. त्यात उचकी ऐकू येते. माशाला ग़ोति’ म्हणतात, आणि त्यामागे इंग्रजी शुद्धलेखनाची एक जुनी थट्टा आहे. (मूळ लेखन रोमन लिपीत असते. येथे ’ हे चिन्ह कंठात श्वास क्षणभर अडवण्यासाठी वापरले आहे.)

माझे मत असे आहे की या कोट्या हीच क्लिंगॉन शब्दांची खरी व्युत्पत्ती आहे, आणि संस्कृत धातूंचा मागोवा ज्या आस्थेने घेतला जातो त्याच आस्थेने तिचा मागोवा घेतला पाहिजे. परंतु कोटी समजली की तो शब्द योद्ध्याच्या तोंडचा वाटेनासा होतो, असे म्हणणारेही मला भेटले आहेत. आपल्याला काय वाटते?

रेघोट्या

घोटी म्हटले की मला इगतपुरीजवळचे गाव आठवते, आणि तेथे मासा कोठून आला ते समजले नाही. कोणीतरी उलगडून सांगावे.

उसगावकर

@रेघोट्या, इंग्रजीत 'इनफ' या शब्दाच्या शेवटी जी आणि एच मिळून 'फ' होतो, 'विमेन' या शब्दात ओ या अक्षराचा उच्चार 'इ' होतो आणि 'नेशन'मध्ये टी व आय मिळून 'श' होतो. आता जी-एच-ओ-टी-आय अशी अक्षरे लिहिली, तर या तिन्ही उदाहरणांच्या न्यायाने त्यांचा उच्चार 'फिश' व्हायला हवा. इंग्रजी लेखन किती बेभरवशाचे आहे, हे दाखवण्यासाठी हे उदाहरण देण्याची जुनी प्रथा आहे. ओक्रँड यांनी तीच अक्षरे उचलली, पुढे कंठ्य अडथळा जोडला आणि मासा या अर्थाचा शब्द तयार केला.

ही थट्टा नाटककार बर्नार्ड शॉ यांच्या नावावर खपते, परंतु ती १८५५ सालच्या एका पत्रात आढळते आणि शॉ यांचा जन्म १८५६ चा. शब्दांच्या कुळकथा सांगताना इतपत काळजी घ्यायला हवी, म्हणून नोंदवले.

मूर्धन्य

या कोटीचा आणखी एक पदर आहे. क्लिंगॉनच्या रोमन लेखनात एका चिन्हाचा एकच उच्चार असतो, अपवाद नाहीत. म्हणून ज्या अक्षरसमूहाने इंग्रजीच्या लहरीपणाची साक्ष दिली, तोच क्लिंगॉनमध्ये अगदी लिहिल्याबरहुकूम, ग़ोति’ असा वाचला जातो. कोटी केवळ माशापुरती नसून दोन लेखनपद्धतींतील विरोधाची आहे. ती कानाला कळत नाही, डोळ्यालाच कळते. उलट ’ओय’ आणि ख़िक़ या कानाच्या कोट्या आहेत. हे दोन वर्ग वेगळे ठेवले तर पुढची चर्चा सोपी होईल.

जाता जाता उच्चारांविषयी थोडे. क्लिंगॉनमधील मोठ्या डीचा उच्चार आपल्या 'ड'सारखा मूर्धन्य आहे आणि मोठ्या एसचा आपल्या मूर्धन्य 'ष'सारखा. मात्र त्यांच्या जोडीचा 'ट' या भाषेत नाही. आहे तो 'त'च्या बाजूचा. मानवी भाषांत सहसा आढळणारी वर्गांची सममिती मुद्दाम मोडलेली आहे, म्हणजे भाषा परकी वाटावी. त्ल्ह हा जोडध्वनी इंग्रजी भाषकाला जड जातो. मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेत त्याच जातीचा ध्वनी आहे. भाषेचे स्वतःचे नाव त्ल्हिङान ख़ोल असे होते.

पूर्वपक्ष

मी विरोधी मत मांडतो आणि ते मनापासून मांडतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टोल्कीन यांनी आपल्या कथांतील एल्फ नावाच्या जमातीच्या भाषा घडवताना आधी मूळ धातू ठरवले, मग ध्वनिबदलांचे नियम ठरवले, आणि एकाच धातूपासून क्वेन्या व सिंदारिन या दोन भाषांत दोन वेगळे शब्द कसे उतरले ते दाखवले. तेथे व्युत्पत्ती शोधत गेल्यास आपण त्या जगाच्या इतिहासात खोल शिरतो. क्लिंगॉन शब्दाची व्युत्पत्ती शोधत गेल्यास आपण विसाव्या शतकातील अमेरिकेतल्या एखाद्या उपाहारगृहात पोहोचतो. ज्यात पदार्थ बुडवून खायचा त्या सॉसला क़ेत्त्लूप म्हणतात, हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढे क्लिंगॉन मेजवानी उभी राहत नाही. केचपची बाटली उभी राहते. कॉफीला क़ा’विन म्हणायचे, म्हणजे कॅफीनच. वाचकाला दिलेले वचन येथे मोडले जाते, अशी माझी तक्रार आहे.

निरुक्तप्रेमी

@पूर्वपक्ष, तुलना रास्त आहे, परंतु दोघांच्या कामाची परिस्थिती पूर्णपणे वेगळी होती. टोल्कीन यांच्यापाशी आयुष्यभराचा अवधी होता आणि मालक ते स्वतःच होते. ओक्रँड यांच्यापुढे चित्रीकरणाचे वेळापत्रक होते, आणि १९७९ च्या पहिल्या चित्रपटात नट जेम्स डूहान यांनी तयार केलेली काही क्लिंगॉन वाक्ये आधीच लोकांनी ऐकलेली होती. त्या थोड्या अक्षरांचे अर्थ लावून, त्यांतले ध्वनी प्रमाण मानून पुढची इमारत बांधावी लागली. 'क्लिंगॉन' हे नावही मूळ दूरदर्शन मालिकेच्या १९६७ मधील एका भागातून आयते आले होते, आणि ते मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांच्या लॉस एंजेलिस पोलीस खात्यातील एका ओळखीच्या माणसाच्या आडनावावरून पडले होते. म्हणजे या वंशाच्या नावापासूनच व्युत्पत्ती आपल्या पृथ्वीवर आहे. ती लपवण्यापेक्षा तिच्याशी खेळणे ओक्रँड यांनी पसंत केले, आणि मला त्यात लबाडी दिसत नाही.

शाईपेन

मला सर्वांत आवडलेला शब्द ’आव्जे’ हा आहे, आणि शाळेत संस्कृत घेतलेल्या कोणालाही तो आवडेल.

या शब्दाचा अर्थ रूट बिअर, म्हणजे अमेरिकेत मिळणारे एक गोड पेय. 'ए अँड डब्ल्यू' नावाची रूट बिअर तेथे १९१९ पासून विकली जाते. आता क्लिंगॉनमध्ये दोन नामे जोडताना 'आणि' मध्ये येत नाही. दोन्ही नामे म्हणून झाल्यावर शेवटी जे हा शब्द येतो. आपण संस्कृतात 'रामः लक्ष्मणः च' म्हणतो, अगदी तसेच. त्या नियमाने 'ए अँड डब्ल्यू' क्लिंगॉनमध्ये सांगायचे तर आधी ए, मग डब्ल्यू आणि शेवटी जे. हे तिन्ही सलग लिहिले की ’आव्जे’ तयार होते. ज्याला व्याकरण येत नाही त्याला ही कोटी दिसणारच नाही. म्हणजे ज्याने अभ्यास केला त्यालाच ते बक्षीस मिळते, आणि म्हणून ही कोटी वरवरची आहे असे मला म्हणवत नाही.

आकाशगंगा

शाईपेन यांच्या मुद्द्याला जोडून नातेवाचक शब्द सांगते, कारण ते मराठी माणसाला विशेष जवळचे आहेत. इंग्रजीत अंकल आणि आंट यांत सगळे संपते. क्लिंगॉनमध्ये मात्र आईचा भाऊ ’इर्नेख़, वडिलांचा भाऊ तेन्नूष, आईची बहीण मे’ आणि वडिलांची बहीण ’ए’माम. मामा, काका, मावशी आणि आत्या हे चारही जण वेगवेगळे.

आता यांतले काही रोमन अक्षरांत उलटे वाचून पाहा. ’इर्नेख़ शेवटाकडून वाचला की 'हेन्री' मिळतो आणि मे’ उलटा वाचला की 'एम' मिळते. 'विझर्ड ऑफ ऑझ' या अमेरिकेत घरोघरी माहीत असलेल्या कथेतील डोरथीचे अंकल हेन्री आणि आंट एम ते हेच. ’ए’माम उलटा केला की एम-ए-एम-ई, म्हणजे 'आंटी मेम' या प्रसिद्ध पात्राचे नाव येते. त्या कथेत मेम ही तिच्या भाच्याच्या वडिलांची बहीण आहे, आणि क्लिंगॉन शब्दही नेमका आत्यासाठीच योजला आहे. इतके नेमके नाते जुळवणाऱ्या माणसाने हे काम उडवाउडवीने केले, असे मी तरी मानणार नाही.

सांगलीकर

भाच्याला मराठीत भाचा म्हणायचे तो बहिणीचा मुलगा. भावाचा असेल तर पुतण्या किंवा आत्याच्या तोंडी भाचाच. पण मुद्दा पोहोचला आणि पटला. हे अमेरिकन मुलांना तोंडपाठ करावे लागते, आपल्या घरातली मुले ते बोलता बोलता शिकतात.

पूर्वपक्ष

आकाशगंगा यांचे उदाहरण जोरदार आहे, हे मान्य करतो. परंतु या शोधात एक धोका आहे आणि त्याकडे दुर्लक्ष होऊ नये. क्लिंगॉनमधील बहुसंख्य मूळ शब्द एकाच अक्षराचे, व्यंजन-स्वर-व्यंजन अशा घडणीचे आहेत. इतके लहान शब्द कोणत्याही भाषेतील कशाशी तरी जुळतातच. पाच या संख्येला क्लिंगॉनमध्ये वाग़ म्हणतात; मग वाघाच्या पंजाला पाच नखे असतात म्हणून हा शब्द मराठीतून घेतला, असे म्हणायचे का? डोळ्याला मिन म्हणतात. लगेच मीनाक्षी आठवते. दगडाला नाग़ आणि पृथ्वीला तेरा’ म्हणतात. यांतला पृथ्वीचा शब्द लॅटिन 'टेरा'वरून आला हे उघड आहे, पण बाकीच्यांत मराठी शोधणे हा आपल्याच मनाचा खेळ ठरेल. मग इंग्रजी वाचकाने शोधलेल्या प्रत्येक कोटीवर विश्वास कसा ठेवायचा?

मूर्धन्य

फार महत्त्वाचा प्रश्न आहे. मी स्वतः तीन कसोट्या लावतो.

शब्द जितका लांब, तितका योगायोग अवघड. चाङ्’एङ् म्हणजे जोडी. चँग आणि एंग हे १८११ साली सयाममध्ये जन्मलेले, शरीराने जोडलेले बंधू. 'सयामी जुळे' हा शब्दप्रयोग त्यांच्यामुळेच रूढ झाला. दोन अक्षरे, दोन्ही नावे क्रमाने आणि अर्थ जोडी, यात योगायोगाला जागा उरत नाही. लेष्पाल या तंतुवाद्याचेही तसेच आहे, कारण लेस पॉल हे गिटारवादक आणि त्यांच्या नावाची गिटार दोन्ही सुप्रसिद्ध आहेत.

दुसरी कसोटी अर्थाची. ध्वनी जुळला पण अर्थाचा धागा सांगायला चार वाक्ये लागली, तर तो शब्द मी सोडून देतो. थंड असणे या क्रियापदाला बिर आणि रक्ताला ’इव. एकात माणूस कुडकुडतो आणि दुसऱ्यात किळसतो. येथे काहीही ओढूनताणून आणावे लागत नाही. खोकण्याला तूष म्हणतात आणि खोकल्याचा लॅटिन शब्द 'टुसिस' आहे, एवढे सांगितले की पुरे.

तिसरी कसोटी सवयीची. शब्द उलटा करणे ही ओक्रँड यांची युक्ती एकापेक्षा अधिक ठिकाणी सिद्ध होते, म्हणून नव्या शब्दात तशी शंका घेणे योग्य ठरते. नातेवाचक शब्द वर आलेच. नितंबांसाठी षा’ख़ूत हा शब्द आहे. तो उलटा वाचला की यिडिशमधून अमेरिकन बोलीत आलेला, त्याच अर्थाचा 'टुखस' समोर येतो. वाग़ आणि वाघ यांची जोडी या तिन्ही कसोट्यांवर बाद होते.

तारकापुंज

कोट्यांची चर्चा चालू असताना नटांचा वाटा विसरू नये, असे वाटते. काही क्लिंगॉन शब्द चित्रीकरणाच्या गरजेतून जन्मले आहेत आणि त्यांची जन्मकथा कोट्यांइतकीच वाचनीय आहे.

ओक्रँड यांनी या भाषेत 'असणे' हे क्रियापद ठेवलेच नव्हते. मग १९९१ च्या सहाव्या चित्रपटात जनरल चँग या पात्राला हॅम्लेटची 'असावे की नसावे' ही ओळ क्लिंगॉनमध्ये म्हणायची वेळ आली. ज्या भाषेत ते क्रियापदच नाही त्या भाषेत नेमके तेच वाक्य हवे होते! ओक्रँड यांनी आधी जगणे या क्रियापदावरून 'यिन पाग़ यिन्बे’' असे वाक्य दिले. पाग़ म्हणजे 'किंवा' आणि बे’ हा नकाराचा प्रत्यय. चँगची भूमिका करणारे क्रिस्टोफर प्लमर यांना ते पुरेसे धारदार वाटले नाही. तेव्हा ओक्रँड यांनी क्रिया चालू असल्याचे दाखवणारा ताख़ हा प्रत्यय घेतला, त्याला टिकून राहणे या अर्थाच्या स्वतंत्र क्रियापदाचा दर्जा दिला, आणि 'ताख़ पाग़ ताख़्बे’' ही ओळ तयार झाली. यिन म्हणताना तोंड हळूच मिटते. ताख़ म्हणताना घसा खरवडून निघतो. मोठ्याने म्हणून पाहिल्यास फरक लगेच कळतो.

मला हे उदाहरण मोलाचे वाटते, कारण येथे शब्द बाहेरून आणलेला नाही. भाषेच्या आत आधीच असलेल्या प्रत्ययातून तो निघाला आहे. पूर्वपक्ष यांना जी टोल्कीन यांच्यासारखी आतली व्युत्पत्ती हवी आहे ती क्लिंगॉनमध्ये अशा रीतीने हळूहळू साचत गेली.

निरुक्तप्रेमी

तारकापुंज, आपण माझे काम सोपे केले. आतल्या व्युत्पत्तीचे आणखी एक उदाहरण देतो. क्लिंगॉन लोकांची दुधारी, अर्धचंद्राकार तलवार बेत्लेख़ ही १९९० मध्ये मालिकेच्या एका भागात प्रथम दिसली. तिचे नाव आधी पटकथेतून आले. मग १९९७ च्या आपल्या पुस्तकात ओक्रँड यांनी ते बात्ल्ह ’एत्ल्ह, म्हणजे सन्मानाची तलवार, या जुन्या शब्दजोडीचे झिजलेले रूप असल्याचे सांगितले. नाव आधी आणि व्युत्पत्ती नंतर, असा हा उलटा प्रवास आहे. परंतु ध्वनी कसे झिजतात याची जाण असलेल्या माणसानेच तो घडवला आहे.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. ओक्रँड शब्दांचे कर्तेपण स्वतःकडे घेत नाहीत. तिसऱ्या चित्रपटाच्या अखेरीस जिवंत पकडला गेलेला मॉल्ट्झ नावाचा क्लिंगॉन आपल्याला शब्द सांगतो आणि आपण ते टिपून घेतो, अशी त्यांची भूमिका आहे. कोणी 'हा शब्द केचपवरून घेतला का' असे विचारले, तर उत्तर मॉल्ट्झकडे मागावे लागते. त्या पात्राचे नाव क्लिंगॉन लेखनात मात्ल्ह असे लिहितात, आणि मात्ल्ह या क्रियापदाचा अर्थ एकनिष्ठ असणे हा आहे. शत्रूच्या हाती लागून त्याला आपली भाषा शिकवणाऱ्याचे नाव एकनिष्ठ!

नवशिकी

मी अलीकडेच ही भाषा शिकायला घेतली आहे. कोट्यांमुळे पहिले शब्द भराभर लक्षात राहिले, हे खरे आहे. चॉकलेटला यूच म्हणतात, हे एकदा कळल्यावर कोण विसरेल? परंतु मनाला भिडले ते कोटी नसलेले जोडशब्द. हात म्हणजे डेष आणि गुडघा म्हणजे क़िव, म्हणून कोपर म्हणजे डेष्क़िव, हाताचा गुडघा. बिक़ म्हणजे पाणी, तिक़ म्हणजे हृदय, म्हणून नदी म्हणजे बिक़्तिक़. आणि आवडणे यासाठी पार्ख़ा’ हा शब्द आहे. पार म्हणजे नावडणे आणि ख़ा’ हा केलेले उलटवणारा प्रत्यय. क्लिंगॉन माणसाला एखादी गोष्ट आवडते तेव्हा त्याची नावड मागे घेतलेली असते. एवढ्या एका शब्दात त्या समाजाचा स्वभाव उतरला आहे.

सांगलीकर

थोडे अवांतर होईल, पण संख्यांविषयीही लिहितो. क्लिंगॉनमध्ये दहा हजाराला नेत्ल्ह, लाखाला बिप आणि दहा लाखाला ’ऊय’ असे एकेक सुटे शब्द आहेत. इंग्रजीत लाखासाठी एक शब्द नाही, आपल्याकडे आहे. कोश असेही सांगतो की ही मोजणी पूर्वी तीनच्या पायावर होती आणि दशमान पद्धत नंतर आली. वा’, चा’, वेज हे एक, दोन, तीन.

पूर्वपक्ष

पार्ख़ा’ मला ठाऊक नव्हता, अप्रतिम आहे. माझी भूमिका आता अशी मांडतो. ’आव्जे’, ’ए’माम आणि ग़ोति’ यांना माझा विरोध नाही, कारण त्यांत रचनेचे कौशल्य आहे आणि कोटी न कळणाऱ्या वाचकालाही ते शब्द अस्सल क्लिंगॉन वाटतात. क़ेत्त्लूपला विरोध कायम आहे. तेथे कोटी लपतच नाही, आणि जी लपत नाही ती गोष्टीतल्या माणसाला ऐकू कशी येत नाही, हा प्रश्न वाचकाला पडतोच. कोटी करावी, पण ती वाचकाने शोधून काढावी अशी असावी.

उसगावकर

पूर्वपक्ष यांचा निकष चांगला आहे आणि मला वाटते जाणकार मंडळीही जवळपास तोच लावतात. १९९२ मध्ये पेनसिल्व्हेनियात क्लिंगॉन लँग्वेज इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. तिच्या वार्षिक संमेलनाला क़ेप्’आ’ म्हणतात. सभासद हव्या असलेल्या शब्दांची यादी पाठवतात आणि ओक्रँड तेथे नवे शब्द जाहीर करतात. मग हा शब्द कशावरून आला असेल, याचा शोध सुरू होतो. ज्या शब्दाची कोटी लगेच उमगते त्यावर हशा होतो. ज्याची उमगत नाही तो शब्द लोक पुढे अनेक दिवस उलटासुलटा करून पाहतात. मूळ धाग्यातील प्रश्नाला माझे उत्तर असे की येथे शब्द ज्यांच्यासाठी घडवला जातो ते लोक समोर बसलेले असतात, आणि कोटी हा त्यांच्यातला व घडवणाऱ्यातला संवाद आहे. तो तोडून भाषा अधिक शुद्ध होईल, पण मग ती बोलायला इतके लोक जमतील असे मला वाटत नाही.

निरुक्तप्रेमी

@मूर्धन्य, आपण देवनागरी लेखनाचा एक तक्ता या धाग्यावर द्यावा, अशी विनंती आहे. मोठ्या क्यूचा घर्षणयुक्त उच्चार आणि लहान क्यूचा क़ यांत मी आतापर्यंत फरक दाखवलेला नाही आणि तो दाखवायला हवा. तक्ता आला की प्रत्येकाने एकेक शब्द घ्यावा, आपल्या तीन कसोट्या लावाव्यात आणि निष्कर्ष येथेच लिहावा. सुरुवात मी कॉफीपासून करतो, कारण क़ा’विन खरोखर क़ेत्त्लूपच्या पंक्तीत बसतो का, यावर पूर्वपक्ष यांच्याशी वाद घालायला मी तयार आहे.

मूर्धन्य

तक्ता उद्या देतो. मोठ्या क्यूसाठी क्ख़ असे लिहावे, असे सुचवतो; क़सारखाच घशातून सुरू करून लगेच ख़प्रमाणे घासत सोडायचा.